गलबताला नेट नाही

गेल्या सोमवारी गोव्यातल्या साखळीला, विठ्ठलापूरच्या नदीकाठी, माझी होडी मला न जुमानता वाळवंटी नदीच्या मध्यावर निघून गेली आणि एका सद्गृहस्थांनी गरी टाकून मासा ओढावा तशी तिला ओढून काठाला लावली. या घटनेला आज पाच दिवस झाले. होडी घरी सुखरूप आहे. माझे मात्र तसे म्हणता येणार नाही.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री विठ्ठलापुरात हाताने बनवलेल्या होड्या नदीत सोडतात आणि त्यांची स्पर्धा लागते, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. इतकी वर्षे काठावर उभे राहून दुसऱ्यांच्या होड्यांना नावे ठेवल्यानंतर यंदा आपणही एक करावी, आणि ती मोबाइलवरून चालणारी करावी, असे मला वाटले. थर्माकोलची नाव, दोन मोटारी, दोन पंखे, आणि सुकाणू म्हणून काहीही नाही, कारण एक मोटार जोरात आणि दुसरी हळू फिरवली की होडी आपोआप वळते. मेंदू म्हणून रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू नावाचा कंप्युटर. याची लांबी ६५ मिलिमीटर आणि रुंदी ३० मिलिमीटर, म्हणजे रुंदी दोन बोटांएवढी. हा पठ्ठ्या स्वतःचेच वायफाय सुरू करतो, त्या वायफायला आपला फोन जोडायचा, आणि मग फोनच्या पडद्यावर उमटलेले चार बाण दाबत बसायचे.

मधल्या दोन महिन्यांचा वृत्तांत मी गाळतो. पाणी लागू नये म्हणून मी तो कंप्युटर आधी आईच्या स्टीलच्या डब्यात बसवला होता आणि झाकण लावताच वायफाय का नाहीसे होते, याचा तीन दिवस शोध घेत होतो, एवढेच कबूल करतो. चौथ्या दिवशी तो गोड्या मसाल्याच्या प्लास्टिकच्या बरणीत गेला. मोटारी सुरू झाल्या की बॅटरीचा दाब घसरून कंप्युटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, म्हणून त्याला वेगळी पॉवर बँक दिली. मोटारी चालवणारे जे सर्किट म्हापशाहून आणले, ते सुमारे दोन व्होल्ट वाटेत स्वतःच खाते, दलालासारखे. सगळे मिळून साडेचार हजार रुपये गेले. वायफायचे नाव मी हौसेने ‘गलबत’ असे ठेवले आणि त्याला पासवर्ड ठेवला नाही. ही माझी पहिली चूक.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी चाचणीसाठी नदीवर गेलो. काठावर गरी टाकून एक वयस्क गृहस्थ बसले होते. सोमवारी मासे खात नसल्यामुळे ते मंगळवारसाठी पकडत होते, असे त्यांनी मी न विचारताच सांगितले. त्यानंतर गोव्यात जो प्रश्न प्रत्येक अनोळखी माणसाला विचारला जातो, तो आला.

“कोणाचा रे तू?”

मी वडिलांचे नाव सांगितले, गाव सांगितले, आजोबांचा वाडा सांगितला. माझ्या आत्याच्या सासरकडून आमचे काहीतरी लागते, एवढे निश्चित झाल्यावरच माझी होडी पाहण्यास योग्य ठरली.

“हे काय?”

“होडी, काका. फोनवरून चालते. आत कंप्युटर आहे. रास्पबेरी पाय.”

“होडीला पाय कशाला, पुता?”

हे मला अपेक्षित होते, कारण दोन महिने घरात मी हेच ऐकत आलो आहे. पुढचे मात्र अपेक्षित नव्हते.

“किती टन?”

“आठशे ग्रॅम.”

“आणि कॅप्टन कोण?”

“मीच.”

“मग तू काठावर काय करतोस?”

त्यांचा मुलगा जहाजावर इंजिनिअर आहे. तो सहा-सहा महिने समुद्रात असतो, त्याच्या जहाजाचे इंजिन तीन मजली घराएवढे आहे, आणि बंदर जवळ आल्याशिवाय त्याला फोन लागत नाही. या माहितीनंतर काकांनी माझ्या मसाल्याच्या बरणीकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी वर्णन करणार नाही. फोन आणि होडी यांच्यामध्ये वायर दिसत नाही, हे लक्षात येताच त्यांनी विचारले, “मग हुकूम जातो कुठून?”

“हवेतून.”

“आणि वारा पडला तर?”

येथे शहाणा माणूस हसून गप्प बसला असता. मी मात्र वायफायची लहर वाऱ्यावर अवलंबून नसते, तिची लांबी साडेबारा सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या वितेच्या आसपास असते, असे समजावू लागलो. काका गरीकडे पाहत शांतपणे म्हणाले, “अर्ध्या वितेने तू नदी ओलांडणार?”

एव्हाना शाळेतून सुटलेली चार पोरे जमली होती. त्यांच्यापैकी दोघांकडे थोरल्या भावांचे फोन होते आणि त्या फोनवर ‘गलबत’ हे उघडे वायफाय दिसत होते. मिनिटभरात दोघेही माझ्या होडीला जोडले गेले आणि लगेच तक्रार आली, “अंकल, तुमच्या गलबताला नेट नाही.” ती होडी आहे, तिला नेट नसतेच, ती फक्त माझ्याशी बोलते, असे मी सांगितले. “मग उपयोग काय?” असे एकाने विचारले. वय वर्षे दहा.

हा उपयोगाचा प्रश्न मला फार दिवसांपासून सलतो आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री आमच्या वाड्यावर वीस फुटी नरकासुर उभा राहतो, त्याच्यासाठी महिनाभर वर्गणी फिरते, रात्रभर स्पीकर खिडक्या हादरवतात आणि पहाटे तो जाळून टाकतात. त्याचा उपयोग काय, हे कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. पण एक माणूस स्वतःच्या पैशाने, कोणाच्याही कानाला त्रास न देता, खोलीत बसून होडी करतो, तेव्हा शेजाऱ्यापासून दहा वर्षांच्या पोरापर्यंत सगळ्यांना त्याचा हिशेब हवा असतो. माझ्या वरिष्ठांनी तर, “याचे पेटंट घेणार काय?” असे विचारले. नाही, साहेब. मी ती पाण्यात सोडणार आहे.

तर होडी पाण्यात सोडली. पहिली दहा मिनिटे ती इतकी गुणी वागली की पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि काकांनीही गरी बाजूला ठेवली. मग ते म्हणाले, “उभा राहा असा, मुलाला फोटो पाठवू या.” त्यांच्या स्वतःच्या फोनमधला कॅमेरा काळा दिसत होता, म्हणून फोटो माझ्या फोनवरून काढायचा आणि मुलाच्या नंबरावर माझ्याच फोनवरून पाठवायचा असे ठरले. ठरले म्हणजे त्यांनी ठरवले. फोनमधला मोबाइल डेटा मी मुद्दाम बंद ठेवला होता. हल्लीचे फोन अतिशहाणे असतात. जोडलेल्या वायफायमधून इंटरनेट येत नाही असे त्यांच्या लक्षात आले की ते मालकाला न विचारता मोबाइल डेटाकडे पळतात. हे सगळे मला ठाऊक होते. तरीही आत्याच्या सासरच्या नात्याला मान देऊन मी डेटा सुरू केला.

फोटो गेला. होडीही गेली.

फोनने माझ्या होडीशी असलेले संबंध तोडले होते. आता तिला थांबवायला कोणी नव्हते, आणि थांबायचे असते हे तिला मी शिकवले नव्हते. बाण दाबला की चालू लाग आणि थांबण्याचे बटण दाबले की थांब, एवढेच मी प्रोग्राममध्ये लिहिले होते. मध्येच मालक गायब झाला तर काय, याविषयी एकही ओळ नव्हती. त्यामुळे शेवटचा हुकूम शिरोधार्य मानून ती पूर्ण वेगाने पलीकडच्या काठाकडे निघाली. मी डेटा बंद केला, ‘गलबत’ शोधू लागलो, पण पंचवीस-तीस पावलांपलीकडे तिचा आवाज फोनला ऐकूच येत नाही. अँटेना पाण्यापासून चार बोटे उंच, आणि वायफायच्या लहरींना पाण्याची जवळीक मुळीच मानवत नाही.

“वारा पडला,” काका म्हणाले.

“वाऱ्याचा संबंध नाही, काका!” मी ओरडलो. ओरडायला नको होते. पोरे हसली.

सुदैवाने स्वस्तातल्या दोन मोटारी कधीच सारख्या फिरत नाहीत. डावी किंचित आळशी होती, म्हणून होडी सरळ न जाता डावीकडे झुकत मोठे अर्धवर्तुळ काढून प्रवाहाच्या दिशेने आमच्याच काठाकडे परत येऊ लागली. फोनमध्ये ‘गलबत’ पुन्हा दिसले, आणि “या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरीही जोडलेले राहायचे काय?” असे फोन मला विचारत असतानाच काकांनी उठून, एक पाय पुढे टाकून, गरी फेकली. पहिल्याच फेकीत ती थर्माकोलमध्ये रुतली. पंखे फिरत असलेली माझी होडी उलट्या तोंडाने, फुरफुरत, त्यांनी हळूहळू ओढून घेतली. “जोर बरा आहे हिला,” असे ते एकदा म्हणाले, आणि त्या दिवसात माझ्या कामाला काकांकडून मिळालेली ती एकमेव दाद.

मग त्यांनी गरीची दोरी पुरेशी सोडून कापली, होडीच्या नाकाला गाठ मारली आणि दुसरे टोक माझ्या हातात दिले. “आता चालव. कुठे जात नाही.” साडेचार हजार रुपयांची बिनतारी होडी मी अर्धा तास दोरीला बांधून चालवली, कारण काका समोर बसून होते आणि गाठ सोडण्याची माझी हिंमत झाली नाही.

खरा घाव रात्री बसला. त्यांच्या मुलाचे जहाज नेमके कुठल्याशा बंदराला लागले असावे, कारण माझ्या फोटोला उत्तर आले. नमस्कार नाही, होडी छान आहे वगैरे काही नाही. फक्त एवढेच: “फेलसेफ ठेवला नाही काय?” तीन मजली इंजिन सांभाळणाऱ्या माणसाला फोटो पाहून जे कळले, ते मला दोन महिन्यांत सुचले नव्हते. फेलसेफ म्हणजे संपर्क तुटला तर यंत्राने आपण होऊन थांबण्याची सोय. मी जेवण बाजूला ठेवून ती लिहिली. फोनने दर क्षणी हाक द्यायची, अर्धा सेकंद हाक आली नाही तर दोन्ही मोटारी बंद. सहा ओळी.

आज सकाळी काकांचा फोन आला. मुलाकडून नंबर मिळवला म्हणे. होडीची चौकशी नाही. गरी परत हवी होती. “पाच रुपयांची आहे, पण हाताला यश देणारी आहे,” ते म्हणाले, “आणि उद्या रविवार.” गरी अजून होडीच्या बाजूला रुतलेली आहे, आणि ती उपटली तर टिचभर थर्माकोल सोबत येणार, हे मी त्यांना सांगितले.

“मग होडीच घेऊन ये,” काका म्हणाले.