आरसा शोधणारी माणसे

गेल्या काही वर्षांत ‘नार्सिसिस्ट’, म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात गुंतलेला माणूस, हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. कुणी दिवसाला चार सेल्फी टाकले किंवा पगाराविषयी जरा मोठ्याने बोलले, की आपण तो शब्द चिकटवून मोकळे होतो. मराठीत त्याला कुणी आत्मरती म्हणतात, कुणी आत्मप्रेम, तर काही जण चक्क ‘स्वमग्न’ लिहितात. या शेवटच्या शब्दाला माझा ठाम विरोध आहे, कारण स्वमग्नता हा शब्द मराठीत ऑटिझमसाठी रुळलेला आहे, आणि ज्या मुलांच्या मेंदूची घडणच वेगळी आहे त्यांचे नाते या वृत्तीशी जोडणे हा त्यांच्यावर आणि त्यांच्या आईवडिलांवर सरळसरळ अन्याय आहे.

‘आत्मप्रेम’ हा शब्दही मला दिशाभूल करणारा वाटतो. ग्रीक कथेतला नार्सिसस पाण्यातल्या प्रतिबिंबावर भाळला होता, आणि ते प्रतिबिंब आपलेच आहे हे त्याला आधी उमगलेही नव्हते. ज्याचे स्वतःवर खरोखर प्रेम असते त्याला दिवसभर कौतुकाचा रतीब लागत नाही. नार्सिसिस्ट माणसाला तो लागतो, कारण समोरच्याच्या डोळ्यांत आपली भव्य प्रतिमा दिसली नाही, तर आपण कोण आहोत हेच त्याला कळेनासे होते.

माझ्या आईच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नात्यातले एक काका तिला भेटायला आले होते. हाताला सलाईन लावलेली आई उशीला टेकून बसली होती. काकांनी ‘कशी आहेस?’ असे विचारले आणि उत्तर यायच्या आत स्वतःच्या बायपासची हकिकत सुरू केली. आपल्यासारखा धीराचा पेशंट पाहिला नाही असे सर्जन कसे म्हणाले, हे त्यांनी तीनदा सांगितले. आईचे डोळे भरून आले तेव्हा माझी बहीण अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘काका, आज तिला थोडे बोलू द्या ना.’ त्यांचा चेहरा क्षणात दगडासारखा झाला. ते उठले, चप्पल घालून निघून गेले आणि पुढे वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. त्या वर्षात आईची तब्येत कशी आहे, हे त्यांनी एकदाही विचारले नाही.

मला ओळखीची खूण इथे दिसते. बढाई पुष्कळ जण मारतात, पण दुसऱ्याचे दुःख समोर असताना माणूस काय करतो आणि साध्या शब्दांत टोकल्यावर कसा वागतो, याकडे पाहावे. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत १९८० पासून ‘नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्वविकार’ नोंदलेला आहे. आज तिच्यात नऊ निकष असून त्यांपैकी किमान पाच, तेही दीर्घकाळ आणि निरनिराळ्या प्रसंगांत दिसावे लागतात. त्यामुळे निदान मानसोपचारतज्ज्ञाचेच. काकांनाही मी ते लेबल लावत नाही. मात्र वागणूक ओळखण्याचा हक्क आपल्याला आहे.

शिवाय ही वृत्ती नेहमी छाती काढूनच चालते असे नाही. ‘माझ्यासाठी कुणी काही केले नाही’ असे सतत रुसून सांगणारे, दुसऱ्याच्या आनंदाच्या दिवशी हमखास आजारी पडणारे माणूसही त्याच भुकेने व्याकूळ असू शकते, आणि त्याला ओळखणे अधिक अवघड जाते, कारण आपल्याला त्याची दयाच येत राहते.

मुलांचे फार कौतुक केल्याने हे होते का, असे मला विचारले जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासात ५६५ मुलांना काही काळ न्याहाळले गेले. आपले मूल इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे असे मानणाऱ्या घरांतल्या मुलांत ही वृत्ती वाढताना दिसली, तर मायेच्या उबेतून निकोप आत्मसन्मान वाढताना दिसला. ‘आमच्या बाळासारखे सोसायटीत कुणी नाही’ आणि ‘तू आम्हाला हवा आहेस’ या दोन वाक्यांत एवढे अंतर आहे.

त्या ग्रीक कथेत एको नावाची अप्सराही आहे, जिला दुसऱ्याच्या बोलण्यातले शेवटचे शब्द तेवढे उच्चारता येतात. तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. काकू त्या संध्याकाळी खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. काका म्हणाले, ‘सर्जनसुद्धा थक्क झाले,’ आणि काकू जमिनीकडे पाहत म्हणाल्या, ‘थक्क झाले.’