गोणीभर लिंबं

मराठी पानात लिंबाची जागा ठरलेली. आधी मीठ, त्याच्या शेजारी डाव्या बाजूला एक फोड, मग चटणी, मग कोशिंबीर. या फोडीनं आपली पायरी ओळखून राहावं, कुणी पिळलं तर पिळून घ्यावं, नाही पिळलं तर खरकट्यात जावं, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा करार होता. आमच्या घरात तो गेल्या पावसाळ्यात मोडला, कारण मामानं लिंबांची गोणी पाठवली.

मामाची बाग श्रीगोंद्याकडे. झाडं राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या ‘साई सरबती’ वाणाची, आणि त्यांचं कौतुक ऐकल्याशिवाय मामाचा फोन ठेवता येत नाही. पावसाळ्यात लिंबाचा भाव असा काही पडतो की तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. अशा वेळी मामाला भाचा आठवतो. 2022च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा रुपयांना जात होतं, मिसळीबरोबर दुसरी फोड मागितली तर पोऱ्या आधी मालकाच्या तोंडाकडे बघायचा, तेव्हा हाच मामा महिनाभर ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर’ होता.

किलोला वीस-पंचवीस लिंबं बसतात. गोणीत किती, हे आम्ही मोजायला गेलो नाही, धीर झाला नाही. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना वाटली. दुसऱ्या दिवसापासून शेजारी दार उघडायच्या आधी भोकातून बघायला लागले. बिल्डिंगचा वॉचमन, इस्त्रीवाला, पेपरवाला सगळे झाले, तरी गोणी होती तेवढीच दिसत होती. टाकून द्यायची म्हणावीत, तर फुकट आलेलं वाया घालवायचं नाही, हा आईचा कायदा. विकत आणलेलं एकवेळ वाया गेलेलं चालतं.

मग लिंबू हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकायला लागलं.

सुरुवात लिंबूभातानं झाली. मोहरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, कढीपत्ता, हळद, आणि गॅस बंद केल्यावर रस. ‘बंद केल्यावर’ याला आमच्या आईपुढे अपील नाही. रस उकळला की वास उडतो आणि चव कडवट होते. पिळणं माझ्याकडे होतं. मी जरा जोर लावला, तर आई म्हणाली, “अरे, पिळतोयस की सूड घेतोयस? सालीचा कडूपणा उतरतो त्यात.” एवढं करून एखादी बी भातात जातेच, आणि ती कुणाच्या वाट्याला येणार या विचारानं अख्खं घर सावकाश, संशयानं चावत जेवतं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी सूत्रं हाती घेतली. “शिजतानाच पिळलं की आतपर्यंत मुरेल,” असा सिद्धांत मांडून त्यांनी तुरीच्या डाळीत कुकर लावायच्या आधीच भरपूर रस ओतला. आंबटात डाळ शिजत नाही. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, पण झाकण काढलं तेव्हा डाळीचे दाणे एकमेकांना ओळख न देता तळाशी पडून होते. “दाताखाली येतेय, हेच चांगलं,” असं म्हणून वडिलांनी एकट्यानं दोन वाट्या संपवल्या. संध्याकाळी पालकाच्या भाजीवर रस गेला आणि भाजी लष्करी गणवेशासारखी मळकट हिरवी झाली. तिसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे दात आंबले. पोळीसुद्धा चहात बुडवून खावी लागत होती.

तेव्हा मुलगी म्हणाली, “आपण गोड करू. लेमन केक.”

व्हिडिओतली बाई मुठीएवढं, जाड सालीचं लिंबू किसणीवर अलगद फिरवते आणि खाली सालीचा पिवळाधमक कीस पडतो. फक्त वरची पिवळी साल घ्या म्हणते, खालची पांढरी कडू असते. आमचं कागदी लिंबू किसणीवर दोनदा फिरवलं की पिवळी, पांढरी, रस आणि बोटाचं टोक असं सगळं एकदमच खाली येतं. त्या बाईचं लिंबूच वेगळ्या जातीचं. तिचा मामा श्रीगोंद्याचा नाही. कापलेल्या बोटाला रस झोंबल्यावर मी जे काही ओरडलो, त्यातला एक शब्द मुलीला नवीन होता. केक मात्र चांगला झाला. त्यात लिंबं गेली दोन.

बायकोनं पाकातल्या पुऱ्या काढल्या. पाकात लिंबू पिळलं की त्यातल्या आम्लानं साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि पाक पुन्हा दाणे धरत नाही. शास्त्र झकास आहे, पण त्याला लिंबू लागतं अर्धं, आणि साखर किलोभर. सरबताचा अर्क करून ठेवावा म्हटलं, तर वाटीभर रसाला दोन वाट्या साखर. त्या आठवड्यात मी इतक्या वेळा साखर आणायला गेलो की किराणावाल्यानं शेवटी विचारलं, “साहेब, घरात कार्य काढलंय का?” फुकटची लिंबं आम्हाला जेवढ्याला पडली, तेवढ्यात मामाची त्या हंगामाची मजुरी सुटली असती.

उरलं लोणचं. ते उन्हात मुरवायचं, आणि ऊन जूनपासून बेपत्ता. आईनं त्यावरही तोड काढली. लिंबं धुवून, कोरडी पुसून, डब्यात पाण्याचा थेंब न घालता कुकरला वाफवायची. मऊ पडली की फोडी करून मीठ, तिखट आणि (परत!) साखर. उपवासाच्या बरणीत तिखटाऐवजी जिरेपूड आणि सैंधव. त्याआधी बिया काढायच्या, एकूण एक, कारण चुकून राहिलेली बी बरणीभर कडूपणा करते. वाफवलेल्या लिंबाची बी बुळबुळीत होते. चिमटीत धरावी तर सटकते आणि थेट समोरच्याच्या चष्म्यावर जाते. रात्री अकरा वाजता आम्ही चौघं ओट्याभोवती बसून एकमेकांवर बिया उडवत होतो, आणि वडील बातम्यांचा आवाज वाढवत होते.

बरण्या कमी पडल्या. शेजारच्या काकूंनी त्यांची चिनी मातीची दिली, पण अट घातली की परत करताना ती रिकामीच द्यायची.

परवा मंडईत भाजीवालीनं कोथिंबिरीच्या जुडीबरोबर दोन लिंबं वर टाकली. बायकोनं ती उचलून परत तिच्या टोपलीत ठेवली. भाजीवाली बघतच राहिली. वर दिलेलं परत करणारं गिऱ्हाईक तिनं बहुधा जन्मात पाहिलं नसावं.

“का ओ ताई? खराब नाहीत.”

“तेच तर. खराब असती तर घेतली असती,” बायको म्हणाली, “टाकून तरी देता आली असती.”