कर, खंदक आणि वाळवंट : मास्तरांचा गेम कोणता?

मास्तरांना गेमचे नाव आठवत नव्हते, आणि सोलापूरच्या पार्क चौकातल्या आमच्या कट्ट्यावर त्यावरून मोठा वाद झाला. त्यांच्या सांगण्याचा आशय असा, की कॉलेजच्या काळात सायबर कॅफेत ते किल्ला बांधत, रयतेला जेवू घालत, कर वसूल करत आणि शत्रू चालून आला की तटावर तिरंदाज उभे करत.

चादरींचा कारखाना चालवणाऱ्या अण्णांनी लगेच निकाल दिला. "मास्तर, तो 'एज ऑफ एम्पायर्स २'च. आपल्याकडे तेव्हा दुसरे काय चालायचे?" १९९९ साली आलेला तो गेम खरोखरच घरोघरी पोहोचला होता, पण लोकप्रियता हा ओळखीचा पुरावा होत नाही. त्या गेममध्ये गावकरी अन्न, लाकूड, सोने आणि दगड गोळा करतात. रयतेवर कर बसवण्याची सोय तिथे नाही आणि राजावर नाराज होऊन कोणी गाव सोडूनही जात नाही. मास्तरांना मात्र कर वाढवला की माणसे निघून जातात हे पक्के आठवत होते.

बँकेत काम करणाऱ्या मित्राने १९९८ च्या 'सीझर ३'चे नाव घेतले. ही सूचना मला विचार करण्याजोगी वाटली, कारण तिथे कराचा दर ठरवावा लागतो, धान्याची कोठारे भरावी लागतात आणि नाराज नागरिक शहर सोडतात. परंतु तो रोमन शहर वसवण्याचा गेम आहे. कारंजी, जलवाहिन्या आणि मंदिरे यांवाचून तिथे पान हलत नाही, आणि यांपैकी काहीही मास्तरांच्या आठवणीत नव्हते.

मी विचारले, "तटाबाहेर खंदक खणता येत होता का?"

"येत होता, आणि शत्रूचे सैनिक तो बुजवायलाही यायचे."

अण्णांची हरकत रास्त होती : "समोरच आपला भुईकोट आहे. त्याचा खंदक लहानपणापासून बघता, तोच आठवणीत शिरला असेल." दृश्यांची अशी सरमिसळ होते, हे मलाही मान्य आहे. किल्ल्याचे चित्र कुठूनही येऊ शकते, मात्र आपण खणलेला खंदक शत्रूने बुजवणे, ही पाहिलेली नव्हे तर खेळलेली गोष्ट आहे. म्हणून गेम ओळखताना तो कसा दिसत होता यापेक्षा त्यात काय करावे लागत होते, हे आधी विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

या कसोटीवर फायरफ्लाय स्टुडिओज् या ब्रिटिश कंपनीचा 'स्ट्राँगहोल्ड' (२००१) पुढे आला. त्यात गव्हापासून पीठ, पिठापासून पाव अशी साखळी उभारावी लागते. सफरचंद, चीज, मांस असे अन्नाचे प्रकार वाढले की रयत खूश होते, आणि लोकप्रियता पन्नासच्या खाली घसरली की माणसे किल्ला सोडू लागतात. वधस्तंभ उभारले तर कामाचा वेग वाढतो, पण सैन्याचा लढण्याचा जोर कमी होतो. राज्य चालवण्याचा इतका बारकाईने केलेला विचार मला त्या काळच्या गेममध्ये फार मोलाचा वाटतो. वधस्तंभ म्हणताच मास्तर उठून उभे राहिले.

तरीही मूळ गेम की त्याचाच २००२ चा, मध्ययुगीन धर्मयुद्धांवरचा (क्रुसेड) पुढचा गेम 'स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर', हा प्रश्न उरलाच. मूळ गेममध्ये सैनिक उभा करायचा तर धनुष्ये, भाले, चिलखते आधी घडवून शस्त्रागारात ठेवावी लागतात. 'क्रुसेडर'मध्ये त्याशिवाय अरबी भाडोत्री सैनिक केवळ सोने मोजून मिळतात, आणि शेती वाळवंटातल्या हिरव्या पट्ट्यांवरच होते.

मास्तर म्हणाले, "सोने टाकले की घोड्यावरचे तिरंदाज लगेच मिळायचे. आणि शेतीसाठी तो हिरवा तुकडा आधी धरावा लागायचा, नाहीतर उपासमार."

"समोर शत्रू कोण असायचा?" बँकवाल्या मित्राने विचारले.

"कधी सलादिन, कधी रिचर्ड."

हे दोघे त्या धर्मयुद्धांतले समोरासमोरचे सेनानी. अण्णांनी "मग क्रुसेडरच," असे म्हणून आपला दावा मागे घेतला.