फ्लँजचं भोक ऐसपैस कापायचं नसतं

मामांची मार्चमध्ये आयलिओस्टॉमी झाली. मोठं आतडं काढलं, लहान आतड्याचं तोंड पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर आणलं (यालाच स्टोमा म्हणतात) आणि त्यावर बॅग. बॅग पोटाला धरून ठेवणारी चिकट चकती म्हणजे फ्लँज, तिच्या मधल्या भोकातून स्टोमा बाहेर येतो. मामीने सुरुवातीचे तीन आठवडे एकटीने सगळं नीट सांभाळलं. मग तिच्या भिशीच्या ग्रुपवर ‘स्टोमा बॅगेचा खर्च निम्मा करा, घरगुती उपाय’ हा मेसेज आला. खाली ‘मुंबईच्या नामवंत सर्जनचा सल्ला’ असं लिहिलेलं. सर्जन कोण, ते कुठेच नाही. मे महिन्यात मी जळगावला गेले तेव्हा मामांच्या स्टोमाभोवती बांगडीएवढं गोल कातडं सोलवटून लालभडक झालं होतं. कुशीवर वळायलाही ते घाबरत होते. तो मेसेज नंतर माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरही आला, म्हणून हे लिहिते आहे.

पहिलाच उपाय सगळ्यात घातक: “फ्लँजचं भोक ऐसपैस कापा, म्हणजे आतड्याला हवा लागते आणि घासत नाही.”

आतड्याला हवा लागायची काही गरज नसते. लहान आतड्यातून येणारा मळ पातळ असतो आणि त्यात अन्न पचवणारे रस असतात. समोर भाकरी आहे की माणसाचं कातडं, हे त्या रसांना कळत नाही. भोक मोठं ठेवलं की स्टोमा आणि फ्लँज यांच्यामधलं कातडं उघडं राहतं आणि दिवसभर त्या मळात भिजतं. ते सोलवटलं की ओलसर होतं, ओल्यावर फ्लँज धरत नाही, मग गळती, मग पुन्हा नवी फ्लँज. एक फ्लँज साधारण तीन-चार दिवस टिकायला हवी. खर्च निम्मा करायला निघालेल्या मामीचा पाच फ्लँजचा डबा आठवड्यातच संपला होता.

अमेरिकन कॅन्सर सोसायटीने रुग्णांसाठी दिलेल्या माहितीत हे स्वच्छ सांगितलं आहे. भोक स्टोमापेक्षा फार तर एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे 3 मिमी मोठं हवं. त्याहून मोठं असेल तर कातडं जळतं, फार लहान असेल तर कड स्टोमाला कापते आणि तो सुजतो. तेव्हा ‘घासू नये’ एवढा भाग खरा, हे मला मान्य करावं लागतं. पण त्यासाठी 3 मिमी पुरतात.

आणखी एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढचे सहा ते आठ आठवडे आक्रसत जातो. म्हणून या काळात दर वेळी माप घ्यायचं असतं. डब्यात गोल भोकांचं मापाचं कार्ड येतं, ते मामीने रद्दीत टाकलं होतं. आम्ही नव्या डब्यातलं कार्ड काढून लावून पाहिलं. स्टोमा 28 मिमी, आणि मामी कापत होती 45! मग फ्लँजच्या मागच्या कागदावर पेनाने 30 मिमीचा गोल काढला आणि नखं कापायच्या वाकड्या टोकाच्या कात्रीने कापलं. कापलेली कड बोटाने फिरवून गुळगुळीत केली. पोट कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडं केलं, सोललेल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरून जादाची झटकली. मामांनी फ्लँज दोन मिनिटं काखेत धरून ऊबदार केली, लावल्यावर आतल्या कडेपासून बाहेर दाबत नेली आणि वर तळहात ठेवून बसून राहिले. ती फ्लँज चौथ्या दिवशी काढली, तेव्हा मागे गळतीचा डाग नव्हता.

दुसरा उपाय वाचून माझा संताप झाला: “पाणी कमी प्या, बॅग कमी भरते.” जळगावच्या उन्हाळ्यात! लहान आतड्यातून आलेलं उरलंसुरलं पाणी आणि मीठ शोषून घेण्याचं काम मोठं आतडं करतं, आणि मामांना ते उरलेलंच नाही. पाणी तोडलं तरी बॅग भरतच राहते, माणूस मात्र सुकत जातो. लघवी गडद होणं, पोटऱ्यांत गोळे येणं, उठताना चक्कर येणं, यातलं काही दिसलं तर ओआरएस सुरू करून डॉक्टरांना फोन करायचा. नुसतं साधं पाणी पुरत नाही, कारण मीठही गेलेलं असतं. दिवसात बॅगेत दीड लिटरच्या वर मळ आला तर घरी थांबूच नका.

बाकीचे उपाय भराभर. बॅगेला टाचणीने भोक पाडून गॅस काढायचा नाही, त्या भोकातून वास कायम येत राहतो. गॅस खालच्या तोंडातून सोडावा, किंवा फिल्टरची बॅग घ्यावी. वासासाठी बॅगेत अ‍ॅस्पिरिनची गोळी टाकू नका, तिच्याने स्टोमाला इजा होऊन रक्त येऊ शकतं. “काठोकाठ भरल्यावरच रिकामी करा” हेही चूक. वजनाने फ्लँज उचकटते, म्हणून एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करायची. डेटॉलने पुसायचं नाही, साधं पाणी पुरतं. पुसताना टिपूसभर रक्त आलं तर घाबरू नका, स्टोमाचं अस्तर हिरड्यांसारखं नाजूक असतं. खोबरेल तेल कातड्याला लावलं तर फ्लँज चिकटणारच नाही. बॅगेच्या आत दोन थेंब फिरवले तर मळ खाली घसरतो, हे मात्र खरं आहे. पण तो मेसेज सांगतो पोटाला चोळायला.

राहिला धुऊन पुन्हा वापरण्याचा सल्ला. कंपन्या बॅग एकदाच वापरा म्हणतात. पण दर महिन्याला हा खर्च करणाऱ्या घरात दोन भागांची बॅग असेल (फ्लँज वेगळी, पिशवी वेगळी), तर वरची पिशवी धुऊन, सावलीत वाळवून आलटून पालटून लावतात. मामीही लावते आणि मी तिला अडवलं नाही. काढलेली फ्लँज मात्र फेविकॉल लावून पुन्हा चिकटवायची, असं त्या मेसेजमध्ये लिहिलं आहे. फेविकॉल! माणसाच्या पोटावर, सोललेल्या कातड्यावर! मामीने तेवढं केलं नव्हतं, पण बाटली आणून ठेवली होती. ती मी येताना उचलून आणली.

माप कसं घ्यायचं हे समोर बसवून दाखवणाऱ्या स्टोमा नर्स असतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. तुमच्या गावी नसेल तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे फ्लँज, कात्री आणि पेशंट घेऊन जा आणि एकदा त्यांच्यासमोर कापून दाखवा.