मागच्या काचेचे कारण

मोटारीची पुढची काच फुटली तर मालकाला सहानुभूती मिळते. मागची काच फुटली तर त्याची चौकशी होते. या भेदाचे मूळ काचेच्या जातीत आहे. पुढची काच म्हणजे दोन पातळ काचा आणि त्यांच्या मध्ये चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा पदर, त्यामुळे तिच्यावर दगड आदळला तरी ती तडकते, जाळी पडते, पण जागा सोडत नाही, आणि काटकसरी मालक तोच तडा बाळगून एखादा पावसाळा सहज काढतो. मागच्या काचेला अशी तडजोड माहीत नसते. ती टफन्ड असते, म्हणजे सहाशे अंशांच्या वर तापवून मग हवेच्या झोतांनी झटकन थंड केलेली. तिचे बाहेरचे अंग आधी आवळून घट्ट होते, आतले नंतर आकसू पाहते, आणि या कायमच्या ओढाताणीमुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट ठरते. मात्र हा ताण एका ठिकाणी सुटला की तो सगळीकडेच सुटतो, आणि तडा जाण्याची मधली पायरी गाळून ती संपूर्ण काच एका क्षणात जाडसर साबुदाण्यासारख्या दाण्यांचा ढीग होते. या दाण्यांनी माणसाला फारशी इजा होत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. पण ती का फुटली याचा पुरावाही त्या ढिगात उरत नाही, आणि आमच्या जळगावात पुराव्याविना काही फुटलेले चालत नाही.

आमच्या हॅचबॅकची मागची काच मे महिन्यात, भर दुपारी, गाडी अंगणासमोर कडुनिंबाखाली उभी असताना फुटली. आवाज ऐकून मी बाहेर आलो तेव्हा निम्मी काच डिकीत आणि निम्मी रस्त्यावर होती, आणि वायपर, पुसण्याजोगे समोर काही नसताना, आपल्या जागी शिस्तीने आडवा पडलेला होता. मी दगड शोधला. तो आत नव्हता, खाली नव्हता, गटारातही नव्हता.

एवढ्यात शेजारचे अप्पा आले. अप्पांनी सरकारी नोकरीत आयुष्यभर हिशेब तपासले असल्यामुळे कोणतीही घटना जबाबदार व्यक्तीच्या नावासह नोंदली गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, झाडाकडे पाहिले, गल्लीच्या टोकाला क्रिकेट खेळणाऱ्या मुलांकडे पाहिले, आणि त्यांचा चेंडू जप्त केला. चेंडू टेनिसचा आहे, तो इतका जुना आहे की त्याने फुगाही फुटणार नाही, आणि मुख्य म्हणजे खेळ अजून सुरूच व्हायचा आहे, हे मुद्दे मुलांनी मांडले. परंतु ते हितसंबंधी असल्यामुळे अप्पांनी ग्राह्य धरले नाहीत. समोरच्या काकूंनी माकडाचे नाव घेतले. इस्त्रीवाल्याने दृष्ट लागल्याचे सांगितले, आणि ज्या गाडीला पाच वर्षांत कोणी वळून पाहिले नव्हते तिच्याबद्दल हे ऐकून मला क्षणभर बरेही वाटले.

ऊन हे कारण सुचणार हे उघडच होते. त्या आठवड्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळत होता. पण अप्पांकडे आलेल्या त्यांच्या भुसावळच्या व्याह्यांनी ते कारण हसून उडवून लावले. “जळगावच्या उन्हाने काच फुटत असेल, तर भुसावळात एकही गाडी काचेसकट उभी राहिली नसती,” असे ते म्हणाले, आणि या वाक्यातला गावाचा अभिमान बाजूला ठेवला तरी त्यांचे म्हणणे खरे होते. टफन्ड काच सुमारे दोनशे अंशांचा फरक सोसते. केवळ उन्हाने ती हार मानत नाही. मग मी वाचलेले एक कारण पुढे केले. अशी काच तयार होताना कधी कधी तिच्यात निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण अडकतो. काच झटकन थंड केल्यामुळे त्या कणाचे रूप बदलायचे राहून जाते, ते पुढे वर्षानुवर्षे हळूहळू बदलते, कण किंचित फुगतो, आणि एखाद्या दिवशी कोणीही हात न लावता काच फुटते. अप्पांनी हे सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हणजे कारखान्यातच कोणीतरी तो घातला. त्याचे नाव काय?”

काच मिळेपर्यंत भगदाड झाकणे आवश्यक होते. त्याच संध्याकाळी रावेरहून मामा आले. मामांची केळीची बाग आहे, आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ते तिचा उल्लेख घरातल्या पदवीधराप्रमाणे करतात. केळीच्या घडाला ऊन, धूळ आणि किडीपासून जपण्यासाठी घालतात त्या निळसर प्लास्टिकच्या पिशव्या त्यांच्या पिकअपमध्ये होत्या. त्यांनी त्यातल्या काही उभ्या फाडल्या, चिकटपट्टीने गाडीच्या पाठीला लावल्या, आणि चेंडूनेच काच फुटली या अप्पांच्या मताला जोरदार पाठिंबा दिला. हा पाठिंबा वाजवीपेक्षा जास्त जोरदार होता, हे मला तेव्हा जाणवले नाही.

या निळ्या पडद्यासह गाडी चालवणे हा अनुभव वेगळ्या प्रकरणाला पात्र आहे. हॅचबॅकची पाठ उभी कापलेली असल्यामुळे चालत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि तो रस्त्यावरची धूळ उचलून पाठीवर आणून टाकतो. लांब शेपटीच्या गाड्यांना सहसा नसलेला मागचा वायपर हॅचबॅकला देतात तो याच कारणाने. काच नसली की तीच धूळ, पुढच्या टेम्पोचा आणि स्वतःचा धूर, असे सगळे विनातक्रार आत येते. प्लास्टिक तर वेग वाढताच इतके फडफडत असे की शेजारी बसलेल्या पत्नीशी बोलण्यासाठी गाडी कडेला घ्यावी लागे. पण खरा त्रास आकाशवाणी चौकात होई. सिग्नलला थांबलो की दुचाकीवरचा कोणीतरी सद्गृहस्थ पडद्याकडून सरकत माझ्या खिडकीपर्यंत येई आणि विचारी, “काय झालं भाऊ? कोणी ठोकली का?” कोणी ठोकली नाही, गाडी उभी होती, काच आपोआप फुटली, हे उत्तर ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जो अविश्वास उमटे, तो पाहून मीच माझ्या हकिकतीविषयी साशंक होऊ लागलो.

विम्याचा अर्ज हा याच प्रश्नाचा छापील अवतार होता. मोटार विम्याचा काचेवर मोठा लोभ आहे: रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर मात्र तो शून्य असतो, म्हणजे विम्याच्या दृष्टीने काच कधी म्हातारी होत नाही. परंतु पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीचे पहिले १,००० रुपये मालकाने भरायचे, काचेभोवतीच्या रबरी पट्टीचा, म्हणजे बीडिंगचा, निम्मा खर्च आपला, आणि पाच वर्षे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी ५० टक्क्यांची सूट वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर गमवायची, असा एकूण हिशेब होता. तो हिशेब अप्पांनी करून दिला आणि त्यात मी दावा न करणेच फायद्याचे निघाले. तरीही विमा प्रतिनिधी अर्ज घेऊन आलाच. त्यात नुकसानीच्या कारणाचा एक रकाना होता. मी ‘कारण अज्ञात’ असे सांगताच त्याने पेन खाली ठेवले. “साहेब, पुढच्या वाहनाच्या चाकातून उडालेला दगड, असे लिहू या,” असे त्याने सुचवले. उभ्या गाडीच्या पाठीवर पुढच्या वाहनाचा दगड कसा येईल, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की ते नंतर पाहता येईल. मी अर्ज परत केला.

काच शोधण्याची हकिकत मी आटोपती घेतो, कारण ती जगात सगळीकडे सारखीच असावी. मागची काच कोणी दुकानात ठेवत नाही, ती बाहेरगावाहून मागवावी लागते, आणि एकाच गाडीला साधी, वाफ घालवणाऱ्या डिफॉगरच्या तारांची, रंगीत, बिनरंगी असे तिचे इतके प्रकार असतात की त्यातला आपल्याला नको असलेला आधी येतो. आमच्या गल्लीतल्या फोटो फ्रेमवाल्याने मापाची काच कापून देण्याची तयारी दाखवली. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, कापायला घेतली की तिचेही दाणे होतात, हे सांगून मी त्याचा हिरमोड केला. मग त्याने ॲक्रिलिकची गोष्ट काढली आणि मी तेथून निघालो.

शेवटी अजिंठा चौफुलीजवळ एक मिस्त्री भेटले. ते मूळचे अमळनेरचे, बोलणे अहिराणी, आणि संकटाकडे पाहण्याची दृष्टी उदार. “फुटी गई ते फुटी गई, आते नवी बसाडूत,” असे म्हणून त्यांनी मला चहा दिला. कारण न विचारणारा हा पहिला माणूस. ठरल्या दिवशी आलेली काच बिनतारांची निघाली, तेव्हा तीच बसवून टाकावी, पैसेही वाचतील, असे त्यांनी सुचवले. “आपला आठे धुकं कथाईन येई, भाऊ?” आपल्याकडे धुके येणार कोठून, हा त्यांचा प्रश्न जळगावपुरता बिनतोड होता. पण आम्हाला चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वारंवार जावे लागते, आणि श्रावणात त्या घाटात आपल्याच गाडीचे नाक दिसत नाही. काचेवर चांदीमिश्रित लेपाच्या बारीक रेघा छापून, भाजून पक्क्या केलेल्या असतात. त्यातून वीज गेली की काच कोमट होते आणि आतली वाफ उडते. बिनतारांच्या काचेला हे कसब नंतर शिकवता येत नाही. “मंग सकाय ई जाई,” एवढेच मिस्त्री म्हणाले, आणि काही सकाळी उलटून गेल्यावर ती खरोखरच आली.

बसवण्याचे काम मात्र पाहत राहावे असे होते. डिकीच्या दाराचे आतले प्लास्टिक उतरवताना त्याच्या क्लिपा ठरल्याप्रमाणे तुटल्या. दारातल्या पोकळीतून काचेचे दाणे निघाले, मग आणखी निघाले. ते पुढेही, थेट दिवाळीपर्यंत, स्पीकरच्या जाळीतून अधूनमधून प्रकट होत राहिले. काच चौकटीला चिकटवून धरणारा जुना काळा सिलंट मिस्त्रींनी पूर्ण खरवडला नाही, त्याचा पातळ थर मुद्दाम राखला, कारण नवा सिलंट जुन्याला उत्तम धरतो. आणि सुरीने जेथे रंग उडाला तेथे त्यांनी ताबडतोब प्रायमर फिरवला, नाहीतर गंज तेथूनच सुरू होतो. काचेच्या कडेची काळी किनार मी आजवर शोभेची समजत होतो. ती भाजलेल्या रंगाची असते आणि तिच्या आड लपलेल्या सिलंटला उन्हापासून वाचवणे हे तिचे काम आहे, हे मला तेथे कळले.

चौकटीच्या वरच्या कडेला उरलेले दाणे काढताना मिस्त्री थबकले. तेथे पत्र्याला एक जुना, बारीक पोचा होता. टफन्ड काचेचे मर्म तिच्या कडेत असते, पोटावर बुक्की सोसेल पण कडेचा टवका सोसत नाही, आणि असा टवका पुष्कळ दिवस गप्प बसून मग एखाद्या तापलेल्या दुपारी काम उरकतो, असे त्यांनी समजावले. डिकी उघडी ठेवून काही लांबलचक सामान नेले होते का, असे त्यांनी विचारताच मला मागच्या हिवाळ्यातले पीव्हीसीचे पाइप आठवले. ते ठिबक सिंचनासाठी रावेरला गेले होते, डिकीचे दार दोरीने पाइपांवर आवळून बांधलेले होते, आणि स्टिअरिंगवर मामा होते.

सिलंटची सलग वळी काचेच्या कडेकडेने सोडून, रबरी पेल्यांच्या मुठींनी दोघांनी काच उचलली आणि एका दमात बसवली. एकदा टेकल्यावर ती सरकवण्याची मुभा नसते. मग मिस्त्रींनी गाडीभोवतीच्या जमिनीवर बादलीभर पाणी शिंपडले. मला ते आतिथ्य वाटले. प्रत्यक्षात हा सिलंट वाळून घट्ट होत नाही, तो हवेतला ओलावा शोषून घट्ट होतो, आणि मे महिन्यातल्या खानदेशी दुपारच्या हवेत शोषण्यासारखे त्याला काहीच मिळत नाही. म्हणून गाडी रात्रभर तेथेच ठेवली. निघताना सूचना मिळाल्या: काही दिवस गाडी धुवायची नाही, चिकटपट्टी काढायची नाही, एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची, आणि “डिकी जोरमा लाऊ नका, भाऊ.” सगळ्या खिडक्या बंद असताना डिकी आपटली की आत कोंडलेली हवा ओल्या सिलंटवरची काच बाहेर ढकलते.

घरी आल्यावर मी पाइपांचा निष्कर्ष अप्पांना कळवला. नाव मिळाल्यामुळे त्यांना समाधान वाटले. मुलांचा चेंडू त्यांनी परत केला, फक्त त्यावर पोच म्हणून सही मागितली. मामांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण नव्या काचेच्या आनंदात ते तयार केळीचा एक भला मोठा घड घेऊन अंगणात उभे होते. मी खिडकीतून “हळू, मामा!” असे ओरडेपर्यंत त्यांनी घड डिकीत ठेवला होता, दोन्ही हात दारावर घेतले होते, आणि ज्या ताकदीने माणूस शेतातल्या विहिरीवरचे लोखंडी झाकण लावतो त्या ताकदीने डिकी लावली होती. बोटभर उघड्या खिडकीतून आतली हवा फुस्सकन बाहेर आली. काच हलली नाही.

“चांगली बसली आहे रे, भाच्या,” मामा तिच्यावर थाप मारत म्हणाले, “मी तपासून घेतली.”