कोर्टात केलेले आरोप माफ असतात का?

घटस्फोट, पोटगी किंवा वाटणीच्या वादात अडकलेल्या माणसाच्या फोनवर एक मेसेज हमखास येतो. त्यात म्हटलेलं असतं: कोर्टात काहीही आरोप करा, अब्रुनुकसानी लागत नाही, खरं असेल तर ते कुठेही बोला, कोर्टाची कागदपत्रं सार्वजनिक असतात, बिनधास्त शेअर करा, आणि समोरच्याने तुमच्याबद्दल लिहिलं तर एफआयआर करा, लगेच अटक होते. या चारही गोष्टींवर विसंबणं धोक्याचं आहे.

पहिली गोष्ट अर्धीच खरी आहे. कोर्टाच्या कामकाजात पक्षकार, वकील, साक्षीदार जे मांडतात त्यासाठी नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात त्यांना जवळजवळ पूर्ण संरक्षण मिळतं. फौजदारी बाजू वेगळी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी बाई शांता प्रकरणात सांगितलं की, अब्रुनुकसानीच्या कलमात लिहिलेत तेवढेच अपवाद. इंग्लंडमधली सरसकट माफी इथे चालणार नाही. ते कलम तेव्हा दंडसंहितेचं ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे. बहुतेक अपवादांत बसायचं तर सद्भाव लागतो, आणि कायद्याच्या लेखी योग्य ती काळजी न घेता केलेलं काम सद्भावाने केलेलं ठरत नाही. पोटगी टाळण्यासाठी बायकोच्या चारित्र्यावर ऐकीव दोन ओळी अर्जात घुसडणारा कोणती काळजी दाखवणार? तीच तक्रार खात्री करून, योग्य अधिकाऱ्याकडे केली, तर कायदा पाठीशी उभा राहतो.

दुसरी गोष्ट. दिवाणी दाव्यात सत्य सिद्ध झालं की सहसा विषय मिटतो. फौजदारीत नुसतं सत्य पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. २०१६ साली सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अब्रुनुकसानीचा हा फौजदारी कायदा घटनेत बसतो असाच निकाल दिला.

सर्वांत जास्त नुकसान तिसऱ्या सल्ल्याने होतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार वैवाहिक खटले बंद दाराआड चालतात. त्यांतला मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं बेकायदा आहे, एक हजार रुपयांपर्यंत दंड होतो. अपवाद फक्त कोर्टाच्या पूर्वपरवानगीने छापलेल्या उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा. इतर खटल्यांत कामकाजाचा बव्हंशी खरा वृत्तांत देण्याला संरक्षण आहे. पण अर्जातला एकच परिच्छेद कापून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, की त्याला वृत्तांत म्हणणं कठीण. समोरच्याची कैफियत त्यात कुठे असते?

शिवाय कोर्ट स्वतःही प्रसिद्धी थांबवू शकतं. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्ध कृष्णराज ठाकरसींनी मुंबईत अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. आपल्या आधीच्या साक्षीच्या बातम्यांनी धंदा बसला, असं एका साक्षीदाराने सांगितल्यावर न्या. तारकुंडे यांनी त्याची पुढची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला. पत्रकार नरेश मिरजकर आणि त्यांचे सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींपैकी आठ जणांनी तो आदेश उचलून धरला, फक्त न्या. हिदायतुल्ला विरोधात गेले. मला हिदायतुल्लांचंच म्हणणं पटतं. न्यायदान उघड्यावर व्हावं, साक्षीदाराच्या धंद्यासाठी दार लोटून घेऊ नये. पण कायदा म्हणून मानायचं ते आठ जणांचं.

आता अटकेचं. अब्रुनुकसानीचा गुन्हा अदखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत असा) आणि जामीनपात्र आहे. ज्याची बदनामी झाली त्याने (ठरावीक प्रसंगी त्याच्या वतीने दुसऱ्याने) दंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी फिर्याद दाखल करायची असते. पोलीस ठाण्यात फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाते. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर अशा फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकणं दंडाधिकाऱ्यांवर बंधनकारक केलं आहे. भरपाईचा दिवाणी दावा लावायचा असेल, तर मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो.