तेल संपेल ही भीती आता पुरे

"तेल संपलं की आपण काय करणार?" शाळेतल्या निबंधापासून हा प्रश्न आपली पाठ सोडत नाही. साठे मर्यादित आहेत, पन्नासेक वर्षांत संपतील, म्हणून जपून वापरा, असं आपण घोकत आलोय. मला हे सगळंच उलटं वाटतं. कोळसा आणि तेल पुरणार नाही ही अडचण नाहीच. ते जरुरीपेक्षा फार जास्त उरलंय, ही अडचण आहे.

मर्यादित आहेत हे खरंच. जगातला बराचसा दगडी कोळसा साधारण ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलांचा. खनिज तेल समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचं (डायनासोरचं नव्हे, ही अफवा कुणी उठवली कोण जाणे). ते पुन्हा तयार होईपर्यंत थांबायला आपण असणार नाही.

पण तो 'पन्नास वर्षां'चा आकडा येतो कुठून? आज परवडेल अशा खर्चात काढता येणारा साठा भागिले वर्षाचा वापर. भाव वाढले, तंत्र सुधारलं, की साठाही वाढतो! १९५६ साली हबर्ट या भूवैज्ञानिकाने अमेरिकेचं तेल उत्पादन १९७०च्या सुमारास शिखर गाठेल असं सांगितलं होतं. तसं झालंही. मग शेल खडक फोडून तेल काढायला लागले आणि २०१८ मध्ये ते जुनं शिखर मागे पडलं.

ब्रिटनची गोष्ट तर आणखी बोलकी. १८६५ मध्ये जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने, स्वस्त कोळसा सरत गेला की ब्रिटनची भरभराटही ओसरेल, अशी चिंता व्यक्त केली होती. १८८२ साली लंडनमध्ये कोळशावरचं जगातलं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झालं. त्याच देशाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद केलं. जमिनीखाली कोळसा तेव्हाही शिल्लक होता.

म्हणजे कोठी भरलेलीच आहे, तुंबलीय ती मोरी, म्हणजे जळल्यावर सुटणारा वायू जिथे जातो ती हवा. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पण ते जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण प्रत्येक कार्बन अणू हवेतले दोन ऑक्सिजन अणू सोबत घेऊन जातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे साधारण २८० रेणू होते. १९५८ मध्ये कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजायला सुरुवात केली तेव्हा सुमारे ३१५. आता ४२०च्या वर. यातला बराच वायू समुद्र शोषून घेतो आणि त्याची आम्लता वाढत जाते. शिंपले आणि प्रवाळ यांना कवच बांधणं त्यामुळे अवघड होतं. त्याबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही.

आपण बोलतो ते धुरावर. धूर जीवघेणा आहेच, १९५२च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या धुरक्याने हजारो माणसं मारली. पण काजळी आणि गंधक चिमणीतच पकडता येतात आणि हवेत सुटले तरी काही दिवस-आठवड्यांत खाली बसतात. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. इंजिन जितकं स्वच्छ जाळेल तितका कार्बन त्याच रूपात बाहेर पडणार, आणि त्यातला काही भाग हजारो वर्षं वातावरणात राहणार. तरी 'आमचं इंधन स्वच्छ आहे' अशा जाहिराती चालूच. नैसर्गिक वायू जळताना कोळशापेक्षा बराच बरा, हे मान्य. पण तो मुळात मिथेन. पाइपातून न जळता गळला, तर वीस वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट तापवतो.

२०१५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तापमानवाढ २ अंशांच्या आत ठेवायची असेल, तर २०५० पर्यंत तेलाच्या ज्ञात साठ्यांपैकी एक तृतीयांश, वायूचा निम्मा आणि कोळशाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग जमिनीतच सोडावा लागेल. काढता येतं, विकता येतं, तरी काढायचं नाही! ज्यांच्या मालकीचे हे साठे आहेत ते एवढ्या संपत्तीवर सुखासुखी पाणी सोडतील, असं मला तरी वाटत नाही. त्यामुळे 'घरातले दिवे बंद करा' एवढ्यावर हा विषय आटोपणारे लोक मला खटकतात. दिवे जरूर बंद करा, पण नवीन खाणींना आणि विहिरींना परवानगी कोण देतंय, पैसा कोण पुरवतंय, हेही विचारा.

हवामान परिषदा १९९५ पासून भरतायत. सगळ्या जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचं आवाहन त्यांच्या ठरावात पहिल्यांदा आलं ते २०२३ मध्ये, दुबईला. कोणत्या देशाने कधीपर्यंत किती साठा जमिनीत ठेवायचा, याचा एकही आकडा त्यात नाही.